फळ्यावरचं अर्धं वाक्य

आज सकाळी दूध उतू गेलं. करपलेल्या दुधाचा वास यवतमाळच्या या फ्लॅटभर पसरला आणि मी थेट मारेगावच्या शाळेत, आठवीच्या वर्गात जाऊन बसलो.

मी आणि माझी जुळी बहीण सुमी एकाच वर्गात. इंग्रजीचे सर तुलना शिकवत होते. ऐकणाऱ्याला आपोआप कळतात ते शब्द 'दॅन'नंतर गाळतात, म्हणाले. मग आमच्याकडे बघून हसत त्यांनी इंग्रजीत वाक्य लिहिलं, माझा भाऊ माझ्यापेक्षा जास्त दूध पितो, आणि सुमीच्या हाती खडू दिला. गाळलेलं 'मी पिते' तेवढं तिला भरायचं होतं.

तिनं खडू परत सरांपुढे धरला.

"येत नाही का?"

"येते सर. पण मी पीतच नाही. माय भावालेच देते."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मला तर कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. रोज सकाळी माय चुलीपाशी मला गूळ घातलेल्या दुधाचा पेला द्यायची, तेव्हा सुमी गोठ्यात शेण भरत असायची. तिचा पेला झाकून ठेवलेला असेल, असं मी धरूनच चाललो होतो. एकदाही विचारलं नव्हतं!

गेल्या भाऊबीजेला सुमी आली, तेव्हा मी स्वतः दूध तापवून तिच्यापुढे ठेवलं. एक घोट घेऊन तिनं पेला माझ्याकडे सरकवला.

"तूच पी बाप्पा. मले सवय नाही, मळमळते."