गाळातला कनवाळू

देव कनवाळू आहे, असं मी दर सोमवारी भजनात गाते. पण त्या सकाळी मला ते साफ खोटं वाटलं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यापासून आम्ही पुनर्वसनाच्या नव्या गावात राहतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं, की काठाला नुसता चिखल उरतो. आमची पहिलारू गाभण म्हैस पाण्याच्या ओढीनं त्यात शिरली आणि पोटापर्यंत रुतली. लेकरासारखी वाढवलेली ती! आम्ही नवराबायको गळ्यातला दोर ओढून थकलो. दर हिसक्याला ती आणखी खाली जाई. नवरा वैतागून म्हणाला, "बोलाव ना आता तुह्या कनवाळूले!" मला रडूच फुटलं. कनवाळू म्हणजे मऊ मनाचा, दुसऱ्याचं दुखणं पाहून ज्याचा जीव कळवळतो तो. महादेवा, असा कुणी असेल तर आज आहे कुठे?

तेवढ्यात मासे धरणाऱ्यांचा डोंगा काठाला लागला. उतरली ती गिरजामावशी. तिच्या तोंडी लागायला सरपंचही भितो. "गळ्याले दोर बांधून ओढते का कोणी? मारून टाकतं का तिले?" ती माझ्यावरच खेकसली. मग डोंग्यातली स्वतःची गोधडी तिनं म्हशीच्या छातीखाली सारली, गळ्यातला दोर काढून गोधडीवरून छातीभोवती घेतला आणि चिखलात पालथी पडून म्हशीचं तोंड वर धरलं. माझ्या हातातला दोर काही सुटेना. "सोड बाई! आता आमच्यावर सोड!" मावशी ओरडली. मी सोडला, हात जोडले, आणि काळजीही महादेवाच्या पायाशी टाकली.

डोंग्यातून उतरलेल्या तिच्या माणसांनी ओढ दिली. "हळू रे मुडद्याहो, पोटात जीव हाय तिच्या!" त्यांना शिव्यांची लाखोली, आणि म्हशीच्या कानाशी मात्र "ये माय, ये." एकदम गाळ फस्सकन बोलला आणि म्हैस बाहेर! चारी पायांवर उभी! काठावर "हर हर महादेव!"चा असा गजर झाला की बगळे उडाले. त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

मी पाया पडायला वाकले, तर मावशीनं मला ढकललंच. "पाया कायले पडून राहिली? आधी म्हशीले धू!" असं म्हणत तिनं चिखलाच्या हातानं डोळे पुसले.

आता कनवाळू म्हणताना मी गोड बोलणारी माणसं शोधत नाही. आपलं बळ संपलं की दोर सोडावा, धरणारा आलेला असतो. देवा, तू धावून येतोस हे ऐकून होते. शिव्या देत येतोस, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं!