सत्यशीलाबाईंचं दिल्लीला पत्र

आष्टीच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं औषधं देऊन सत्यशीलाबाई निवृत्त झाल्या, पण गावाने त्यांना काही सोडलं नाही. कुणीही गोळ्यांचं पाकीट घेऊन दारात उभं राहतं. बाई चष्मा चढवतात, भपकेबाज नावाखालचं बारीक अक्षरातलं खरं औषध वाचतात आणि तेच स्वस्तात कुठे मिळेल ते सांगतात. वर बोलणी फुकट. मीही खाल्ली आहेत.

मागच्या वर्षी त्यांनी पेपरात वाचलं, की कुठल्याशा व्यापार कराराच्या वाटाघाटीत परदेशी कंपन्यांना नव्या औषधांवरची मक्तेदारी आणखी काही वर्षं वाढवून हवी आहे. म्हणजे तेवढी वर्षं आपल्याकडची स्वस्त गोळी निघणारच नाही. बाईंनी दिल्लीला पत्र लिहिलं आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर बुद्धविहारात सह्यांसाठी ठेवलं.

विहाराचे अध्यक्ष रामराव म्हणाले, "बाई, हे करारबिरार इथं कशाला? इथं वंदना करावी."

"भिक्खूच्या गरजा किती, दादा?"

"चार. अंगावरचं चीवर, भोजन, निवारा, औषध."

"घरदार सोडलं त्यालाबी औषध सुटलं न्हाई. मंग ते धम्माबाहेरचं कसं?"

रामराव चिडले. "गावात कुणाचं अडून राह्यलं? एक माणूस दाखवा, आत्ता विहाराचा शिक्का मारतो."

बाईंनी चक्क कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

तेवढ्यात मागून कचरू गवंडी उठला. "मी हाय. रक्ताचा कॅन्सर, सहा वर्षं झाले. आत्ताची गोळी लागू पडंना. डॉक्टर नवी सांगून राह्यले, तिची स्वस्त अजून निघाली न्हाई. बाईला सगळं ठाव हाय. प्रीतीचं लग्न जमेस्तोवर कुणाला सांगू नका, असं मीच म्हणल्तं."

प्रीती त्याची मुलगी. तिला बघायला आलेले पाहुणे पुढच्याच रांगेत बसले होते. बाईंना एका वाक्यात जिंकता आलं असतं, पण त्यांनी हार पत्करली होती. मला त्या बाईचा विलक्षण अभिमान वाटला.

कचरूने पहिली सही केली. पाहुण्यांतले, मुलाचे वडील राजानंद उठले, त्याच्या खाली सही केली आणि त्याच्याच शेजारी मांडी घालून बसले. रामरावांनी शिक्का मारला.

बाई मात्र कचरूवरच उखडल्या. "कशाला बोललास? मी सह्यांसाठी घरोघर फिरले असते, बिलकुल काही बिघडलं नसतं!" आणि बोलता बोलता भर विहारात रडायला लागल्या.