बोकड लहान का होत गेले

मालेगावच्या बाजारात व्यापाऱ्याने माझा बोकड एका हाताने उचलून पाहिला. "बाई, हे पिल्लू कायले आणलं?"

"दोन वर्साचा हाये थो."

"मंग चारा कमी पडून राह्यला."

चारा कमी नव्हता. माझं घर बकऱ्यांवर चालतं, त्या माझ्याआधी जेवतात. घरी येऊन विचार केला. इतकी वर्षं दर बकरी ईदेला मी सगळ्यात धिप्पाड बोकड विकला. जो कोणी घेतला नाही तो कळपात राहिला आणि पुढची पिल्लं त्याचीच झाली. ज्वारीचं बियाणं ठेवताना मात्र मी भरलेलं कणीसच निवडते.

यंदा सगळ्यात मोठा बोकड विकायचा नाही, असं नवऱ्याला सांगितलं. तो गोठ्यात जाऊन बराच वेळ बघत राहिला.

"याच्यात मोठा कोनता, थे सांग."