पडेल टीमचा गोलकीपर

हौ, आज मेहुण्याला हरवलंच!

नांदेडात हॉकीची साखळी स्पर्धा चालू हाय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकजण त्यातले खेळाडू निवडून आपली कागदावरची टीम करतो. गोल, पास आणि गोलकीपरनं अडवलेले फटके, असे तीन विभाग. ज्याच्या खेळाडूंचा आकडा मोठा, त्याचा विभाग. विभाग जिंकला की एक गुण, मग एकानं जिंका की विसानं.

मेहुण्याला हे कळलंच न्हाई. त्यानं सगळे फॉरवर्ड घेतले. गोल धो-धो झाले, गुण एकच!

मी पास देणारे घेतले, आणि गोलकीपर सगळ्यात पडेल टीमचा, माझा चुलतभाऊ बाळू. चांगल्या टीमच्या गोलकीपरकडं बॉल येतच न्हाई. बाळूवर मात्र सारखा मारा. त्याची टीम धुतली गेली, पण फटके सगळ्यात जास्त त्यानंच अडवले. दोन्ही विभाग माझे.

सामन्यानंतर तो सुजलेल्या मांडीवर बर्फ धरून बसला होता.

"दादा, तू लई टाळ्या वाजवल्यास. घरचं कुणीतरी आलं, बरं वाटलं. उद्या बाहेर बसू का? पाय टेकवत न्हाई."

"बसतो काय? घराण्याचं नाव घालवतो का?" मी म्हणालो.

उद्या त्याच्यासमोर सगळ्यात तगडी टीम हाय. तुम्हीच सांगा, असा गोलकीपर कुणी सोडतं का?