आंब्यांच्या मोसमात नको

दाभोळची खाडी ओलांडून मी रोज पलीकडच्या शाळेत शिकवायला जात असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. होडीवर एक म्हातारा होता, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वारा बघायला तो आभाळाकडे नव्हे, बायकांच्या पदराकडे बघायचा. जिचा पदर फार उडेल तिला मधल्या फळीवर बसवायचा.

माझी आई कराडला असायची; तिकडून येणारी एसटी खाडीच्या पलीकडेच थांबायची. तिला दमा होता. एकदा माझं घर बघायचं आणि पोटभर आंबे खायचे, एवढाच तिचा हट्ट. मी मे महिना ठरवला आणि होडीत तसं बोलले. त्याने वल्हं थांबवलं.

"मे म्हयन्यात नको, बाई. हवा घामट, दुपारी वारा, खाडी उसळते. मार्गशीर्षात आणा."

"चाचा, सुट्टी मेमध्येच असते."

"सुट्टी तुमची. दम आईचा."

मला राग आला, पण ऐकलं त्याचंच. डिसेंबरात रजा काढून आईला आणलं. खाडी परातीतल्या पाण्यासारखी शांत होती. मधल्या फळीवर बसून आई कुरकुरली, "आंब्याच्या मुलखात आले आणि आंबाच नाही!"

"आजी, आंबा पेटीत बसून तुमच्याकडं घाटावर येतो. तुमाला पेटीत कसं घालायचं?"

आई हसली, आणि हसताना खोकला आला नाही.

मेमध्ये पेटी घेऊन मीच कराडला गेले. आईने त्यातले दोन मोठे आंबे निवडून माझ्या पिशवीत घातले. "हे त्या होडीवाल्याला दे."

घाटावरून दाभोळला आंबे नेणारी मी पहिलीच असेन.