दाराच्या कुलपाची फाइल

ताईचं मनगट गेलं होतं. म्हणजे हात जागेवर होता, कामाचा उरला नव्हता. धुलाई कारखान्यात चादरी धुणारी मोठी यंत्रं असतात. त्यांचा ड्रम किती फिरायचा, कधी थांबायचा, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. अर्धं आयुष्य त्यातच गेलं. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. डॉक्टरने मनगटाला पट्टा बांधला आणि सांगितलं, आराम द्या. आरामावर घर चालत नाही, आणि नवऱ्याची नोकरी आधीच सुटलेली.

मग ती हात जपून वापरू लागली. एक क्लिक वाचली तर वाचली. त्यात ऑफिसने नवीन टूल आणलं. प्रोग्रामच्या फाइली शेकड्यांनी. पण हातातल्या कामासाठी ज्या उघडाल, बदलाल, तेवढ्याच ते समोर ठेवी. पुन्हा पुन्हा उघडलेली वर येई, सोडून दिलेली मागे पडत पडत दिसेनाशी होई, आणि जिला हातच लागला नाही ती मुळातच नजरेआड. चांगला कारागीरही असंच करतो. लागणारी हत्यारं बाकावर, बाकीची पेटीत. पण पेटीत काय आहे, हे कारागिराला ठाऊक असतं.

साहेबांनी बोलावून सांगितलं, "ताई, ड्रमचा वेग वाढवायचाय. तुम्ही सुरुवात करा, पुढचं तो नवा चष्मेवाला पोरगा करेल. नीट पार पडलं तर तुम्हाला सल्लागार म्हणून ठेवतो. टायपिंग नाही. नुसतं सांगायचं."

एवढ्यावर घर तरणार होतं. ताईने दात आवळून वेगाच्या, मोटरच्या, पाण्याच्या फाइली बदलल्या. राहिली दाराच्या कुलपाची. वेग वाढला की ड्रम थांबायला जास्त वेळ घेणार, म्हणून कुलपाने जास्त थांबायला हवं. किती, हेही तिने मनाशी ठरवलं होतं. ती फाइल तिला ओळ न् ओळ पाठ होती, त्यामुळे बघायला म्हणूनसुद्धा उघडली नाही. डोक्यात ते काम झालेलंच होतं.

काम दुसऱ्याच्या हाती देताना टूलने निवडलेल्या फाइलीही सोबत जात. चष्मेवाल्याने स्क्रीनकडे बघितलं आणि त्याची कळी खुलली.

"ताई, एवढ्याच? मला वाटलं, महिनाभर डोकं धरून बसावं लागणार!"

"अरे, एकदा सगळ्या उघड्या करून बघ. एक बटण तर दाबायचंय."

"कशाला? तुमचा हात जिथे लागला नाही, तिथे बघण्यासारखं असणार काय?"

कौतुकच होतं ते. शिवाय मनगट ठणकत होतं. ताईने विषय तिथेच सोडला.

चाचणीच्या दिवशी यंत्र झकास फिरलं. मग थांबू लागलं, आणि ड्रम फिरत असतानाच दार उघडलं. ओल्या चादरी फडाफड बाहेर आल्या. एक थेट समोरच्या कपाटावर जाऊन बसली. दारापुढे कोणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. चष्मेवाला आधी फिस्सकन हसला, मग त्याला साहेब दिसले.

साहेबांनी ताईला आत बोलावलं. आवाज चढवला नाही.

"दाराची फाइल त्याला का मिळाली नाही?"

"मी उघडली नव्हती."

"का?"

"पाठ आहे, साहेब."

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "ताई, चूक त्याचीही आहे. पण तुमचं काम नुसतं सांगायचं असणार होतं. आणि तेच राहून गेलं. सल्लागाराचं आता नाही जमायचं."

ताई उठली.

जागेवर येऊन तिने डाव्या हाताने दाराची फाइल उघडली. टूलने ती लगेच समोर आणून ठेवली. तिने आकडा बदलला, ड्रॉवरमधला डबा पिशवीत टाकला आणि निघाली.

घरी नवरा दारातच उभा. "साहेब काय म्हणाले गं?"

"आराम द्या म्हणाले," ताई म्हणाली. "मनगटाला."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. तो हसला. मग पट्टा सोडायला तिने हात पुढे केला, तेव्हा त्याला कळलं, आणि पट्टा सोडताना त्याने वर बघितलंच नाही.