उसना अंगारा

२००९ साली उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच मी थकून गेले होते. दुबईतली मंदी बाकीच्यांच्या घरी पेपरातून आली, माझ्याकडे ती एक्सेल शीटमधून आली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका बांधकाम कंपनीत मी एचआरला होते. पद काही मोठं नव्हतं. महिनाअखेरीच्या पंधरा-वीस दिवस आधी वरून, कुणाला काढायचं त्या नावांची यादी यायची. प्रत्येक नावाचं पत्र मी टाइप करायचं, मॅनेजरची सही घ्यायची, आणि महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एकेकाला बोलावून ते हातात द्यायचं. खरं तर ते द्यायचं काम मॅनेजरचं. पण त्या गुरुवारी त्याला हमखास साइटवर अर्जंट काम निघायचं. सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे जागा मिळत नव्हती म्हणून लोक दोन-दोन एका टेबलावर बसत होते, आणि फेब्रुवारीत मी एकटी अख्ख्या रांगेत बसायचे.

यादीबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी सही माझ्याकडून घेतलेली होती. डिसेंबरात एका क्लार्कच्या तोंडून एक नाव फुटलं, तर पुढच्या यादीत त्याचंच नाव आलं. माझा नवरा रास अल खोरला स्पेअर पार्ट्सच्या गोडाऊनमध्ये होता, त्याचा पगार आधीच कापला होता. तेव्हा तोंडाला कुलूप लावून मी शारजा ते ऑफिस आणि ऑफिस ते शारजा करत होते. घरी आले की डोकं उशीवर टाकायचे आणि मुलगी विचारायची, "मम्मा, आर यू सिक?" मी नाही म्हणायचे. आजारी असते तर बरं झालं असतं, रजा तरी मिळाली असती.

आम्ही वसईचे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्याकडे चाळीस दिवस मटण-कोंबडी बंद. त्या वर्षी मी मासेसुद्धा सोडले. वसईच्या बाईने मासे सोडणं म्हणजे काय ते वसईच्या बाईलाच कळेल. बारा वर्षांची माझी लेक म्हणाली, "मम्मा, गॉड डझन्ट केअर अबाउट बोंबील." मी तिला गप्प बस म्हटलं. काहीतरी सोडलं की काहीतरी मिळेल, असा माझा हिशेब होता. आईला फोनवर सांगितलं तर ती खूश झाली. फक्त तिकडे रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासना, शुक्रवारी का होते, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. सुट्टी शुक्रवारची असते, रविवारी आम्ही कामाला जातो, असं दहा वेळा सांगून झालं होतं. "शुक्रवारी रविवार कसा गं होईल?" ती विचारायची.

राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, मात्र तिकडेही बुधवारीच. नवऱ्याने मला पहाटेच्या मिस्सेला नेलं आणि तिथून परस्पर ऑफिसला सोडलं. फादरांनी कपाळावर लावलेला राखेचा क्रूस तसाच होता. लिफ्टमध्ये एकाने कपाळाला काहीतरी लागलंय म्हणून टिश्यू पुढे केला. दुसऱ्याने नुसतं बघितलं.

आमच्याकडे क्वांटिटी सर्व्हेयर म्हणून, बांधकामाच्या मालाखर्चाचा हिशेब ठेवायला, एक पुण्याचा मुलगा होता. मुलगा म्हणायचं आपलं, बत्तीस-तेहतीसचा असेल. शारजातल्या अल नहदालाच राहायचा, माझ्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून, आणि कंपनीच्या एकाच बसने आम्ही ये-जा करायचो. मला ताई म्हणायचा. बायको बाळंतपणाला पुण्याला गेली होती, थोरली मुलगीही तिच्याबरोबर. बाळ चार महिन्यांचं झालं तरी यांना परत आणावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. नोकरीचा भरवसा नाही, आणि इथे एप्रिलमध्ये थोरलीची केजीची शाळा सुरू होणार. तो रोज बसमध्ये हेच बोलायचा, मी रोज खिडकीबाहेर बघायचे.

त्या बुधवारी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अरे वा ताई, तुमच्यातही अंगारा असतो?"

आता इथे मी सांगायला हवं होतं. ही राख देवाने पाठीवर हात ठेवल्याची खूण नाही, तू मातीचा आहेस हे विसरू नकोस अशी आठवण आहे, तिच्याने काही टळत नाही, असं सगळं. पण पहाटे चारला उठले होते, पुढ्यात उद्याच्या पत्रांचा गठ्ठा होता, आणि धर्म समजावून सांगायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "हो, तसंच."

"मग मलाही लावा की थोडा. दिवस बघताय ना कसे आलेत."

आणि त्याने खरंच मान खाली केली. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. गठ्ठ्यात त्याचं नाव नाही हे मला ठाऊक होतं. मी स्वतःच्या कपाळावर अंगठा घासला आणि त्याच्या कपाळावर टेकवला. बिचाऱ्याला तेवढाच धीर, असं वाटलं. माझंही काही जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अकरा पत्रं दिली. त्याच्या खात्यातले तिघे गेले, तो राहिला. संध्याकाळी बसमध्ये तो माझ्या मागच्या सीटवर बसून म्हणाला, "ताई, तुमच्या देवाने वाचवलं." ती पत्रं सोमवारीच टाइप झाली होती, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? सही केलेली होती. मी इन्शाल्ला, सगळं ठीक होईल असं काहीतरी पुटपुटले.

पुढच्या आठवड्यात त्याने तिकिटं काढली. "आठशे दिरहॅमला एक, म्हणजे अकरा हजार धरा. शाळा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार मिळाला," तो म्हणाला. बायको तिकडे घाबरत होती, पण याने तिला अंगाऱ्याची गोष्ट सांगितली आणि ती तयार झाली. शिकलेली माणसं, दोघंही इंजिनीअर. पण पाण्यात बुडणाऱ्याला काडी कसली आहे ते दिसत नाही. वर तिचा निरोप, ताईंना म्हणावं बाळासाठी थोडा अंगारा ठेवा.

मार्चची यादी आली. मी ती उघडली आणि चौथ्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. स्पेलिंग तेच, एम्प्लॉयी नंबर तोच. पत्र गुरुवारी द्यायचं होतं आणि त्याच्या बायकामुलांचं विमान त्यानंतरच्या शनिवारी उतरणार होतं. म्हणजे हातात पत्र, व्हिसा कॅन्सल व्हायच्या मार्गावर, आणि दोन दिवसांनी एअरपोर्टवर पाच महिन्यांचं बाळ घेऊन बायको.

आठ दिवस मी काही बोलले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तो बसमध्ये मागून विचारायचा, ताई, पाळणा इथे घ्यावा की तिकडून आणावा, ताई, शाळेच्या बसचा स्टॉप कुठे असतो. मी डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटून घ्यायचे. आपल्या घरचा विचार करायचा की त्याच्या? इकडे आड तिकडे विहीर. प्रार्थनेला बसले की माझ्या डोळ्यांपुढे चौथी ओळ यायची. मासे सोडून काही होत नव्हतं. उलट रोज संध्याकाळी डाळ-भात खाताना मी देवावर उपकार करतेय असं वाटायचं, आणि त्याचाही राग यायचा.

शुक्रवारी चर्चच्या आवारात क्रूसाची वाट करायला गेले. क्रूस घेऊन निघालेल्या प्रभूच्या वाटेवरचे चौदा टप्पे, प्रत्येकापुढे गुडघे टेकायचे. पाचव्यापाशी मी उठलेच नाही. तिथे तो वाटसरू असतो, शेतावरून घरी परतणारा. प्रभूचा क्रूस उचलायला सैनिक त्याला धरतात. लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं, केवढा भाग्यवान माणूस. मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो दमला होता, त्याला जेवायला घरी जायचं होतं. भक्ती वगैरे काही नाही, रस्त्यात सापडला म्हणून त्याच्या खांद्यावर आलं. आणि तरी त्याने उचललं ते उचललंच, त्यात काही कमी धरलं गेलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बसून राहिले. मागची बाई म्हणाली, "सिस्टर, यू ओके?" मी तिला वाट करून दिली.

मग कुमसाराच्या, पापकबुलीच्या, रांगेत उभी राहिले. तासभर. फादर केरळचे, म्हातारे, घाम पुसत बसलेले. पाप कबूल करायचं तर कोणतं करू? बोलले तर कंपनीशी लबाडी, न बोलले तर त्याच्याशी. मी सगळं सांगितलं, राखेचंही. मासे सोडलेत हेही सांगून टाकलं, उगाच.

फादर म्हणाले, "तुझ्या उपवासाने कुणाचं पोट भरलं?"

मी म्हटलं, "कुणाचंच नाही, फादर."

"मग मासे खा," ते म्हणाले. "तू काय करावंस ते मी सांगणार नाही. नोकरी तुझी आहे, माझी नाही. पण राख तू लावलीस, ती पुसायला दुसरा कोण येणार?"

मला त्यांचा सणकून राग आला. एवढं तासभर उभं राहून हे ऐकायचं? घरी येईपर्यंत धुसफुसत होते. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गेली तर गेली. वसईला घर आहे आपलं." त्याच्या आवाजात काही शौर्य नव्हतं, तोही दमलेलाच होता. पण त्याने ते म्हटलं. माझी नोकरी पुढे चार वर्षं टिकली, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळी बसमधून मी माझ्या स्टॉपला उतरले नाही, त्याच्या स्टॉपला उतरले. त्याला वाटलं मला काही सामान घ्यायचंय. टॉवर्सच्या मधून गार वारा येत होता, पोरं सायकली फिरवत होती. तो थोरलीसाठी छोटी खुर्ची बघून ठेवलीय असं सांगत चालला होता. मी म्हटलं, "थांब जरा."

आणि सांगितलं. आधी राखेचं सांगितलं, कारण ते जास्त अवघड होतं. ती राख कुणाला वाचवायला नसते, फेब्रुवारीची यादी आधीच झाली होती, मला माहीत होतं आणि मी गंमत म्हणून लावली. मग म्हटलं, "आता तुझं नाव आलंय. गुरुवारी पत्र मिळेल."

तो हसला आधी. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. तो फुटपाथच्या कडेला बसला. मला वाटलं तो ओरडेल. ओरडायला हवं होतं, मी तयारी करून आले होते.

"तुमचं नाव आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बरं," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने मी पत्रं देत होते, माझं काय होईल असं कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं तरी कुणी, ज्यांना पत्रं दिली त्यांनी?

मी म्हटलं, "रागव माझ्यावर."

"रागवीन. आत्ता सुचत नाहीये." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "गुरुवारी तुम्हीच देणार ना?"

"मॅनेजर साइटवर जाईल. मीच देईन."

"तुम्हीच द्या. मला काही माहीत नाही असंच मी वागेन." मग फोन काढला आणि हातात धरून बसला. नंबर लावत नव्हता. मी विचारलं, जाऊ का मी? त्याने नकारार्थी मान हलवली, म्हणून मी पर्स मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले, त्या फुटपाथवर, ऑफिसच्या कपड्यांत. येणारेजाणारे बघत होते. प्रार्थना करावी म्हटलं तर एक शब्द सुचेना. सुचला असता तरी मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती. नुसती बसले.

शेवटी त्याने फोन लावला. बाळ मागे रडत होतं ते मलाही ऐकू येत होतं. "ऐक," तो म्हणाला, "तिकिटं रद्द करावी लागतील. नको, रडू नकोस आधी, ऐक." मग तिकडून तिने काहीतरी विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "एकटा नाहीये."